पाचवं माणूस

"टेक्निकली, यू आर अ फॅमिली ऑफ फाइव्ह," आर्य म्हणाला, आणि ह्या पोराने चुकून दुसऱ्याच कुणाची फाइल उघडली असावी असं दीक्षाला वाटलं.

तिचं कुटुंब मोजायला एका हाताची बोटंही जास्त होत होती. ती स्वतः, तीन वर्षांची आन्या आणि नागपुरात अडकून पडलेला नवरा, प्रफुल्ल. प्रफुल्लला इकडे आणण्यासाठी केलेला तिचा अर्ज सरकारने मंजूर केला होता. लग्न खरं, नवरा खरा, मूल दोघांचं, इथवर सगळं पटलं होतं. आता त्याला पोसण्याइतकी आपली कमाई आहे एवढंच दाखवायचं राहिलं होतं. अमेरिकेचा हिशेब स्वच्छ असतो: खुशाल प्रेम करा, पण पगाराची स्लिप जोडा. घरात जितकी जास्त माणसं, तितकी कमाईची अट मोठी. दीक्षा ट्रॉय गावातल्या एका डेंटिस्टकडे रिसेप्शनला होती. तिचा पगार तीन माणसांच्या अटीत आरामात बसत होता, चार माणसांच्या अटीतही अंग चोरून बसला असता. पाच माणसांच्या अटीत तो बसणं शक्यच नव्हतं.

आर्य इमिग्रेशनचा वकील. जन्म इथलाच, आईवडील पुण्याचे. मराठी त्याला सगळं समजायचं, बोलताना मात्र दोन शब्दांनंतर तो इंग्रजीत पळ काढायचा. त्याने स्क्रीन तिच्याकडे वळवला. त्यावर दोन नावं होती: लहू गजभिये आणि सरला गजभिये.

"तुम्ही यांच्यासाठी साइन केलं होतं," तो म्हणाला. "सो दे काउंट."

दीक्षाने त्याला समजावून पाहिलं. ही दोघं तिच्या घरात राहत नाहीत, नात्यातलीही नाहीत. ती समोर राहणाऱ्या संजीवचे आईवडील, त्याच्याकडेच राहतात, त्याच्याच घरचं जेवतात. तिने फक्त एक सही केली होती. आर्यने सगळं नीट ऐकून घेतलं आणि मग सांगितलं की त्या 'फक्त एका सही'ला सरकार फार मानतं. नवराबायकोचा घटस्फोट झाला तरी ती सही सुटत नाही. सुटायचे रस्ते चारच. त्यांनी अमेरिकेचं नागरिकत्व घ्यावं. इथे दहा वर्षं नोकरी करावी. नाहीतर ग्रीन कार्ड परत करून कायमचं निघून जावं. चौथा रस्ता त्याने तोंडाने सांगितला नाही, हातातलं पेन उगाच टेबलावर ठेवलं. दीक्षाला तो कळला आणि लगेच स्वतःची लाज वाटली.

ती सही चार वर्षांपूर्वीची. तेव्हा दीक्षा गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करायची, पगार चांगला होता, प्रफुल्लशी लग्न नुकतंच ठरलं होतं. ट्रॉयमधली आंबेडकरी मंडळी महिन्यातून एकदा एका चर्चचा तळघरातला हॉल भाड्याने घेऊन वंदनेला जमायची. वर येशू, खाली बुद्ध, मध्ये चर्चचा कार्पेट, आणि त्यालाच सगळे विहार म्हणायचे. एप्रिलातल्या जयंतीला जेवणाच्या रांगेत संजीव हातात फाइल घेऊन तिच्याजवळ आला होता. तो नुकताच सिटिझन झालेला, केटरिंगचा धंदा नवा, आईवडिलांना बोलवायचं तर कमाई कमी पडत होती. फक्त फॉर्मॅलिटी आहे, ताई, असं तो म्हणाला. जगातली निम्मी संकटं ह्याच एका वाक्याने दार वाजवतात.

दीक्षाने विचार केलाच नाही. नाही म्हणायचं असतं हे तिला माहीतच नव्हतं. नागपुरात तिच्या वडिलांनी वस्तीतल्या किती पोरांच्या कर्जाला, हॉस्टेलला जामीन म्हणून सह्या केल्या होत्या याची गणती नव्हती. आपल्यातलं एक माणूस वर आलं की त्याने दुसऱ्याला हात द्यायचा, याला त्यांच्या घरात समाजाचं देणं म्हणत. ते देणं कधी फिटत नाही आणि फिटावं अशी कुणाची इच्छाही नसते. तिने जेवणाचं ताट बाजूला ठेवलं, उष्टा हात वर धरून डाव्या हाताने फाइल पुढे ओढली, मग हात धुऊन आली आणि सही ठोकली. कुणीतरी माइकवर तसं जाहीर केलं. हॉलभर टाळ्या पडल्या. दीक्षाला वडील आठवले आणि भरून आलं.

पुढे लग्न झालं, आन्या झाली, आणि आन्या पाळण्यात असतानाच कंपनीने अख्खं डिपार्टमेंट बंद केलं. प्रफुल्ल नागपुरात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन होता. त्याने टुरिस्ट व्हिसा मागितला, तर बायको तिकडे आहे म्हणजे हा परत येणार नाही असं म्हणून तो नाकारला गेला. मुलीला त्याने एकदाच कडेवर घेतलं होतं, दीक्षा तिला घेऊन नागपूरला गेली होती तेव्हा. तूच परत जा की, असं दीक्षाला सांगणारे पुष्कळ होते. पण नर्स असलेल्या आईचं बोट धरून ती पंधराव्या वर्षी इकडे आली होती. वडील आधीच गेले होते, आता आईही गेली, नागपुरात प्रफुल्ल सोडून तिचं असं कुणी उरलं नव्हतं. आणि आन्याला जन्मापासून ऐकायला कमी येत होतं. दोन्ही कानांना यंत्रं होती. इथल्या शाळेने तिच्यासाठी खास बाई लावून दिल्या होत्या, फुकट, आणि त्यांच्यामुळे पोरगी आता कुठे बोलायला लागली होती. ते सोडून जायचं दीक्षाच्या जिवावर येत होतं.

फोनवरचा आवाज आन्याला नीट लागायचा नाही. बाबा म्हणजे तिच्यासाठी स्क्रीनमध्ये ओठ हलवणारा एक माणूस होता. प्रफुल्ल तिच्यासाठी रोज नवी गोष्ट तयार करून यायचा. ती मिनिटभर त्याच्याकडे बघायची, "ही इज नॉट टॉकिंग" असं म्हणायची आणि उठून खेळायला जायची.

आर्यकडून ती तडक संजीवकडे गेली. तिच्या अपार्टमेंटसमोरचा रस्ता ओलांडला की संजीवचं घर. दारात नवी कोरी, ट्रकएवढी गाडी उभी होती. आता प्रफुल्लसाठी तू सही कर, असं तिने म्हटल्यावर संजीवने मनापासून हळहळ व्यक्त केली. ताईसाठी तो जीवही द्यायला तयार होता, सही तेवढी देऊ शकत नव्हता. त्याच्या सीएने टॅक्स वाचवण्यासाठी गाडी, पेट्रोल, फोन, सगळं धंद्याच्या खर्चात घातलं होतं. त्यामुळे कागदावर संजीव इतका गरीब होता की त्यालाच कुणीतरी स्पॉन्सर करायला हवं होतं. रोशनीने, त्याच्या बायकोने, चहा केला. चहा चांगला होता.

मग तिने एकेकाला विचारायला सुरुवात केली. टाळ्या वाजवणाऱ्या हॉलमध्ये आता घसे खाकरले जायला लागले. धम्मदीपला बहिणीला बोलवायचं होतं. अतुलचा स्वतःच्याच नोकरीचा भरवसा नव्हता, त्याच्या ऑफिसात दर शुक्रवारी कुणाला ना कुणाला घरी पाठवत होते. पद्मजाताई म्हणाल्या, विचारून सांगते, आणि नंतर वंदनेला यायच्याच बंद झाल्या. खोटं कुणी बोलत नव्हतं हे त्यातलं सगळ्यात वाईट. प्रत्येकाची अडचण खरी होती. एकाने तर तिलाच सुनावलं, अशा सह्या विचार न करता करायच्या नसतात, दीक्षा. चार वर्षांपूर्वी माइक त्याच्याच हातात होता.

क्लिनिकमध्ये तिने तास वाढवून मागितले. मॅनेजरने बघू म्हटलं. दुसरी नोकरी धरावी तर आन्याला सांभाळायचं कुणी? सकाळपासून दुपारपर्यंत सरलामावशी तिला सांभाळायच्या, पैसे न घेता, तेही संजीवच्या दोन मुलांचं बघून. दुपारनंतर त्यांच्याकडून आणखी कशाची अपेक्षा करणं म्हणजे कहर झाला असता. प्रफुल्लचा पगार धरता येईल का, हेही तिने विचारून पाहिलं होतं. नाही. तो इकडे आला की तिकडचा पगार थांबणार, म्हणून तो पगार नसल्यातच जमा. एका पगाराने पाच माणसं तोलायची, आणि त्यातली दोन तिच्या घरचा घासही खात नव्हती.

प्रफुल्लला हे सगळं सांगायचं तिला धाडस झालं नाही. तिने कागद थोडे राहिलेत असं सांगितलं. तो म्हणाला, लॅबमधले आता रोज विचारतात, कधी निघतोस. मग हसून म्हणाला, "त्यांना मी सांगतो, बायको मोठी ऑफिसर आहे, तिच्या सहीवर थांबलंय."

दीक्षाने आन्या रडतेय असं सांगून फोन ठेवला. आन्या समोर शांतपणे केळं खात बसली होती.

फेब्रुवारीत एका सकाळी ती खाली आली तेव्हा रात्रभर बर्फ पडून थांबलं होतं. लहूकाका नेहमीप्रमाणे तिच्या गाडीची काच खरवडत होते. बर्फ पडलं की काका रस्ता ओलांडून यायचे, आधी तिच्या गाडीवरचं बर्फ झाडायचे, मग काचा साफ करायचे. कुणी सांगितलं नव्हतं. इलेक्ट्रिसिटी बोर्डातून निवृत्त झालेला माणूस, इथे आल्यावर हाताला काम नव्हतं, ते त्यांनी असं शोधून काढलं होतं. अंगात संजीवने घेऊन दिलेलं निळं जॅकेट, दोन मापं मोठं, त्यात काका उसनं घातल्यासारखे दिसायचे.

"तुझं एक माणूस जास्त होऊन राहिलं म्हणे," काका काच खरवडता खरवडता म्हणाले.

दीक्षाने तुम्हाला कुणी सांगितलं असं विचारलं. संजीव रोशनीला सांगत होता, आणि इथल्या भिंती पुठ्ठ्याच्या आहेत, असं काकांनी सांगितलं. मग ते थांबले. हातातला स्क्रेपर त्यांनी बॉनेटवर ठेवला.

"एक कमी झालं तर जमतं का?"

आयुष्यात काही वेळा माणसाला खोटं बोलायची सोन्यासारखी संधी मिळते. नाही काका, तसं काही नाही, दुसरीच अडचण आहे, असं तिला म्हणता आलं असतं. जिभेवर आलंही होतं. पण डोळ्यांसमोर केळं खाणारी आन्या आली, स्क्रीनमधले ते हलणारे ओठ आले.

"हो," ती म्हणाली.

"मग मी जातो," काका म्हणाले. "सरलाला जाता येत नाही. तिच्यापाशी तीन लेकरं आहेत. माझ्यावाचून कुणाचं काय अडलंय इथं? काच कुणीही खरवडेल."

दीक्षा नको म्हणाली. दोनदा म्हणाली. पण ते नको जेवायला वाढताना म्हणतात तसलं होतं, पान पुढे ठेवूनच म्हटलेलं. काकांना ते कळलं असणार. त्यांनी पुन्हा स्क्रेपर उचलला आणि मागची काच साफ करायला घेतली.

आर्यने तर ऐकताच दोन्ही हात वर केले. तो दीक्षाचा वकील होता, काकांचा नव्हता, त्यामुळे त्यांना तो सल्ला देऊ शकत नव्हता. त्यांनी स्वतंत्र वकील करावा, असं त्याने काकांना आधी इंग्रजीत आणि मग फार कष्टाने मराठीत सांगितलं. काका हसले. आपल्या घरी जायला वकील कशाला लागतो, असं त्यांनी विचारलं. आर्यच्या चेहऱ्यावर शाळकरी मुलासारखी कावरीबावरी कळा आली. त्याने दीक्षाकडे पाहिलं, आणि दीक्षा खिडकीबाहेरच्या पार्किंगकडे बघत बसली.

कार्ड परत करायचा कागद मग संजीवच्याच घरी, डायनिंग टेबलावर भरला गेला. मावशी मुलांना आणायला बसस्टॉपवर गेल्या होत्या. संजीव समोर बसून फोनमध्ये बोटं फिरवत होता. बाबांना इकडे करमत नव्हतंच, असं तो दोनदा म्हणाला. कागद इंग्रजीत होता म्हणून काकांनी दीक्षाला तो वाचून दाखवायला सांगितलं. तिने वाचला. मी माझ्या मर्जीने, कुणाच्याही दबावाशिवाय, अमेरिकेतला माझा कायमचा राहण्याचा हक्क सोडत आहे.

"कायमचा," काका म्हणाले.

"परत यायचं तर काका, संजीवला पहिल्यापासून अर्ज करावा लागेल. दीड-दोन वर्षं तरी. आणि परत कुणाची तरी सही."

काकांचं वय बहात्तर. छातीत दोन स्टेंट. त्यांनी हिशेब केला असेल तर चेहऱ्यावर दाखवला नाही. सही करून त्यांनी कागद दीक्षाकडे सरकवला आणि म्हणाले, "सरलाला हे सांगू नका कुणी. चार-सहा महिन्यांसाठी कार्ड जमा करतोय, प्रफुल्ल आला की परत मिळतं, असं मी सांगितलंय. नाहीतर ती पण निघेल माझ्यामागं. मग तुझ्या लेकराला कोण बघेल?"

संजीवने मान डोलावली. दीक्षानेही डोलावली. बाहेर शाळेची बस थांबल्याचा आवाज आला, मावशींच्या हाका आल्या, आणि संजीवने चटकन कागद पाकिटात घालून मायक्रोवेव्हवर ठेवला.

काका मार्चमध्ये गेले. एअरपोर्टला दीक्षाच घेऊन गेली, कारण संजीवकडे त्या दिवशी मोठी ऑर्डर होती. मावशींनी रस्ताभर त्यांना गोळ्यांच्या वेळा सांगितल्या. नागपूरचं घर तीन वर्षं बंद होतं, आधी जाळी काढून घ्या, मग झोपा. गॅसचा पाइप बदला. शेजारच्या बाईकडे डबा लावा, लाजू नका. काका हूं हूं करत होते. काउंटरवर बॅग दिल्यावर त्यांनी अंगातलं निळं जॅकेट काढलं आणि मावशींच्या हातात दिलं.

"तिकडे उन्हाळा लागला. आलो की लागेल," ते म्हणाले.

त्रेचाळीस वर्षांच्या संसारात ती दोघं कधी चारचौघांत एकमेकांचा हात धरून उभी राहिली नव्हती, तेव्हाही राहिली नाहीत. काका सिक्युरिटीच्या रांगेत गेले. वळणावरून त्यांनी हात वर केला आणि जय भीम म्हटलं, कुणालाच उद्देशून नाही असं. मावशी जॅकेट छातीशी धरून, ते दिसेनासे होईपर्यंत उभ्या होत्या. परत येताना गाडीत आन्याने त्यांना विचारलं, "व्हेअर इज आजोबा गोइंग?" मावशींनी तिच्या कानातलं यंत्र नीट बसवलं आणि तिला कळेल असं, तोंड तिच्याकडे करून सावकाश सांगितलं, "तुझ्या बाबाला आणायला."

त्यानंतर एप्रिलमध्ये, कुणाच्या ध्यानीमनी नसताना, पुन्हा एकदा बर्फ पडलं. दीक्षा खाली आली तर गाडी पांढरीफटक, काचा झाकलेल्या. तिच्याकडे स्क्रेपर नव्हता. काका आल्यापासून लागलाच नव्हता. ती क्रेडिट कार्डाने काच खरवडत उभी राहिली आणि मग तिला रडू आलं, चांगलं हुंदके देऊन. क्लिनिकला जायला उशीर झाला.

कागद सरकारकडे गेले. चार माणसं, एक पगार. उन्हाळ्यात तास थोडे कमी झाले, पण जेमतेम निभावलं. ऑक्टोबरच्या सुरुवातीला प्रफुल्लला मुंबईला इंटरव्ह्यूला बोलावलं. फोन आला तेव्हा इथे सकाळ होती. मावशी नुकत्याच येऊन आन्याला भरवायला बसल्या होत्या.

झालं, असं प्रफुल्ल ओरडून म्हणाला. व्हिसा दिला. दोनच प्रश्न विचारले. लग्नाचे फोटो तर त्यांनी बघितलेही नाहीत. दीक्षा ओट्याला टेकून उभी राहिली आणि आनंद आवाजात येऊ नये म्हणून धडपडायला लागली. मावशी समोर होत्या. ज्या बाईच्या नवऱ्याच्या जिवावर आपला नवरा येतोय तिच्यासमोर हसायचं कसं, हे तिला कळेना.

प्रफुल्ल पुढे सांगत होता की लहूकाकाही बरोबर आले आहेत. मी नको म्हणत होतो, नागपूरहून रात्रभर प्रवास करून आले. आत मोबाइल नेऊ देत नाहीत, बॅग नेऊ देत नाहीत, कुणाकडे तरी ठेवावी लागते. काका सकाळपासून समोरच्या फूटपाथवर माझी बॅग मांडीवर घेऊन बसले होते. उन्हात. मी बाहेर आलो तर त्यांनी आधी विचारलं, माझं नाव निघालं का आत? मी म्हटलं, नाही काका. तर म्हणाले, मग बरं झालं.

"दे त्यांना," दीक्षा म्हणाली.

फोन काकांकडे गेला. तिने बोलायला तोंड उघडलं, पण काकांनी सरला आहे का तिथं, असं विचारलं. तिने फोन मावशींकडे दिला आणि त्या बोलू लागल्या. जेवलात का. गोळी घेतली का. आवाज काहून असा येतो. मग बराच वेळ मावशी नुसत्या ऐकत होत्या, आणि मध्येच एकदा हसल्या, तरुण बाईसारख्या. हो, टाकते, म्हणाल्या आणि फोन परत दिला. पलीकडे कुणी नव्हतं.

मावशींनी आन्याचं तोंड पुसलं. वाटी सिंकमध्ये ठेवली. पदराला हात पुसत त्या दीक्षाजवळ आल्या आणि तिच्या दोन्ही गालांवरून हात फिरवून त्यांनी कडाकडा बोटं मोडली.

"झालं बाई तुझं. लेकराला बाप दिसंल आता," त्या म्हणाल्या. "मग ह्यांचं कार्ड कधी देतात परत? थंडी पडायच्या आत येतील ना? मी विचारलं तर म्हणे, दीक्षाला विचार, तिला सगळं माहीत आहे. जॅकेट धुवायला टाक म्हणाले."

दीक्षाने त्यांच्याकडे पाहिलं. संजीवचा अर्ज, दोन वर्षं, बहात्तरचे चौऱ्याहत्तर. प्रफुल्ल येईल, त्याला नोकरी लागेल, न लागेल. कधीतरी पुन्हा एक फाइल समोर येईल आणि पाचव्या माणसासाठी सही मागेल, आणि तेव्हा आपला हात पुढे होईल का? तिने स्वतःला अगदी खरं विचारलं. होणार नाही, असं उत्तर आलं. ते इतक्या पटकन आलं की तिला स्वतःची भीती वाटली.

मावशी वाट बघत होत्या. आन्या खुर्चीवरून उतरून दोघींच्या मध्ये येऊन उभी राहिली होती आणि एकदा हिच्या, एकदा तिच्या ओठांकडे बघत होती.

"धुवायला टाका, मावशी," दीक्षा म्हणाली.

"तुझ्या मशीनमध्ये टाकू का? आमचं बिघडलंय."

दीक्षा हो म्हणाली. मावशी जॅकेट आणायला रस्ता ओलांडून गेल्या.